पाणपोई आणि तिचा फलक

पाणपोई म्हणजे वाटेवरच्या कुणालाही, तो कोण-कुठला हे न विचारता, फुकट पाणी पाजण्याची जागा. महाराष्ट्रात ती गुढीपाडव्याच्या सुमारास मांडतात आणि मृगाचा पाऊस पडला की आवरतात. सामान थोडेच लागते: वाळूत अर्धे पुरलेले दोन-तीन रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले गोणपाट, तोंडावर झाकण, पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे. सावली झाडाची मिळाली तर उत्तम. नाहीतर चार बांबूंवर तट्ट्या नाहीतर झावळ्या. हौशी माणूस पाण्यात वाळ्याची जुडीही सोडतो.

खरे कसब जागा हेरण्यात असते. पाणपोई तहान लागते तिथे हवी, आणि तिथे पाणी असतेच असे नाही. एसटी स्टँडचे फाटक, आठवडी बाजाराची वाट, सरकारी दवाखान्याचे आवार, तहसील कचेरीबाहेरचा तो झाडाचा पार, जिथे साहेब जेवून येईपर्यंत माणसे ताटकळतात. अशा ठिकाणी पाणी बहुधा दुसरीकडून आणावे लागते. रांजणाचा खर्च एक-दोन उन्हाळ्यांतून एकदा, भरणाऱ्याचा रोजचा. पाणपोया बंद पडतात त्या बहुतेक वेळा रोज सकाळी रांजण घासून, धुऊन, गाळलेले पाणी भरायला माणूस राहिला नाही म्हणून. पैशाचे कारण त्यामानाने क्वचित.

रांजण पाणी गार करतो ते पाझरून. भाजलेल्या मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते, त्याची वाफ होते आणि जाताना ती आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून विदर्भाच्या कोरड्या उन्हात रांजणाचे पाणी दातांना कळ लावते आणि कोकणच्या दमट हवेत तोच रांजण फारसा उत्साह दाखवत नाही.

पाणपोईच्या पेल्याला साखळी असते आणि ती पाहून हसायची रीत आहे: पाणी फुकट, पेल्याचा मात्र भरवसा नाही! हे हसणे अन्यायाचे आहे. साखळी चोरासाठी नसते, चोराला तो पोचे पडलेला पेला नकोच असतो. ती एसटी सुटताना दिसली म्हणून पेल्यासकट पळणाऱ्यासाठी असते. शिवाय जुन्या जाणत्यांना पेला लागतही नाही. ओंजळ धरायची, वरून धार पडायची, पुरे झाले की मान हलवायची. या व्यवहारात दोन्ही बाजूंनी एक शब्दही बोलावा लागत नाही. आभार मानण्याची पद्धत नाही. फार तर ओल्या हाताने तोंडावरून, मानेवरून पाणी फिरवत माणूस पुढे जातो.

ही चाल किती जुनी, याचा पुरावा नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेख तिथल्या दहाव्या लेण्यात कोरलेला आहे. त्याने दिलेल्या गाई, गावे, सोने यांची लांबलचक यादी त्यात आहे. तिच्यातच इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचा, आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया केल्याचा उल्लेख येतो. गाई आणि सोने ज्यांना मिळायचे त्यांना मिळाले. नदी उतरून आलेल्या अनोळखी माणसाच्या वाट्याला आले ते हे एवढेच. दात्याचे नाव ठळक कोरण्याची हौस तेव्हाही होती, हे ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

मुंबईत 1860 मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आले आणि पाणपोईला दगडाचे रूप घेता आले. तिथे तिला प्याऊ म्हणतात. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात चाळीस कारंजी बांधून दिली. एक तर 1869 मध्ये थेट लंडनच्या रीजंट्स पार्कात. भातबाजारातले केशवजी नाईक कारंजे 1876 चे. अशा बांधकामांत माणसांसाठी तोट्या आणि बैल-घोड्यांसाठी खाली हौद असत. घोडे गेले, बैलगाड्या गेल्या, तोट्या कोरड्या झाल्या आणि बऱ्याच प्याऊंचे टपऱ्यांना टेकायचे दगड झाले. अलीकडे काहींची डागडुजी होऊन पाणी परत आले आहे.

‘कुणालाही’ हा शब्द वर सहज लिहिला गेला. व्यवहारात तो तसा नव्हता. अस्पृश्य मानलेल्यांना भांड्याला हात लावू न देता उंचावरून पाणी ओतले जाई, तेही पाजणाऱ्याची मर्जी असेल तेव्हा. वर वर्णन केलेली ओंजळ काहींच्या सोयीची होती, काहींवर लादलेली होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने तो मान्यही केला, पण कागदावर. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले आणि तिथले पाणी प्याले. त्यानंतरही त्या तळ्यावरून खटला चालला तो 1937 पर्यंत. तहानलेल्याला पाणी पाजणे ही दया. पाणवठा त्याचाही असणे ही वेगळी गोष्ट, आणि ती दयेतून आपोआप निघत नाही.

आता फलक. जुन्या पाणपोईवर चुन्यात किंवा संगमरवरी पाटीवर एक ओळ असे: ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. दाता गेलेला, देणारे घरचे, अक्षर तळहाताएवढे. हल्लीचा दाता हयात असतो, किंबहुना पालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार असतो. फ्लेक्स आठ फूट बाय दहा, त्यावर मोबाइल कानाला लावलेले भावी नगरसेवक, वरच्या ओळीत पाच वरिष्ठ, खालच्या ओळीत पासपोर्ट आकाराचे वीस कार्यकर्ते, आणि या सर्वांच्या सावलीत एक माठ. सावलीपुरता फ्लेक्स उपयोगी आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

उद्घाटनाला फीत कापली जाते, पहिला पेला पाहुणे पितात, फोटो निघतो. पाणपोईचे आयुष्य यानंतर सुरू व्हायचे असते. अनेकींचे तिथेच संपते. वैशाखात माठ कोरडा, आत दोन चहाचे कागदी कप, वर फ्लेक्स टवटवीत. नावाची हौस उषवदातालाही होती, तेव्हा नावाला आक्षेप नाही. पण वीस फोटोंत एकही फोटो रोज सकाळी माठ भरणाऱ्याचा नसतो, आणि ज्या पाणपोया जूनपर्यंत टिकतात त्या त्याच्याच जिवावर. हा माणूस बहुधा शेजारचा पंक्चरवाला, झेरॉक्सवाला नाहीतर फुले विकणारी बाई असते. त्यांना कुणी नेमलेले नसते. माठ रिकामा दिसला, दोन कळश्या ओतल्या, एवढेच.

वीस लिटरच्या जारने हे काम हलके केले आहे. जार उलटा ठेवला की झाले, घासणे नाही, गाळणे नाही. बाटलीबंद पाण्याने गिऱ्हाईकही पळवले. ज्याच्या खिशात वीस रुपये आहेत तो आता पाणपोईकडे संशयाने पाहतो. तिथे थांबतात ते हमाल, रिक्षावाले, मोंढ्यातले माथाडी, गावाकडून तारखेला आलेले पक्षकार आणि शाळेची पोरे.

माठ आणि रांजण मात्र जारसारखे वर्षानुवर्षे वापरता येत नाहीत. पाण्यातल्या क्षारांनी त्यांची छिद्रे हळूहळू बुजतात आणि एक-दोन उन्हाळ्यांनंतर पाणी गार होईनासे होते. जाणती माणसे मग जुना रांजण गुरांच्या पाण्याला देतात आणि पाडव्याआधी कुंभाराकडून नवा आणून, दोन दिवस भरून ठेवून, मातीचा वास गेल्यावर रस्त्यावर मांडतात.