तुरीवरच्या पतंगाचं नाक प्रयोगशाळेत उलगडलं. शिवारातल्या सापळ्याचं काय?

तूर फुलात आली की औराद-भालकीपासून आळंदपर्यंत एकच चौकशी: अळी दिसली का? शेंगा पोखरणाऱ्या हिरव्या अळीनं, म्हणजे हेलिकोव्हर्पानं, १९९७-९८ च्या हंगामात तूर फस्त केली. फवारण्या वाया गेल्या, कर्ज तेवढं उरलं. त्यानंतर बीदर आणि तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्या देशभर गाजल्या.

या अळीचा नर पतंग रात्री मादी शोधतो तो वासावर. मादीच्या गंधात मुख्य रसायनं दोनच, साधारण ९७ ला ३ या प्रमाणात. कामगंध सापळ्यातल्या ल्युअरमध्ये हाच वास भरलेला असतो.

पतंगाला हा वास कळतो कसा, ते आता क्रिस्पर या जनुकीय कात्रीनं तपासता येतं. एक जनुक बंद करायचं आणि पतंगाचं काय बिघडतं ते पाहायचं. चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये याच पतंगाचं वास ओळखणारं 'ओआर१६' हे जनुक बंद केलं. नराला मादी सापडेना असं झालं नाही. उलट तो फार लवकर जाऊन भिडला. पुरती तयार न झालेली मादी एक वेगळा वास सोडून नराला थोपवते, तोच या नराला येईना. मिलन झालं, पण धड अंडी फारच कमी निघाली. नाकाची तेवढीच एक कळ बंद करणारं औषध निघालं, तर अळी जन्मायच्या आधीच हिशेब चुकता होईल. आज तरी ते दुकानात नाही.

बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मक्यावरच्या लष्करी अळीवर दुसऱ्या बाजूनं काम केलं. मादीत गंध तयार करायला लावणारं जनुक त्यांनी कापलं आणि मिलन विस्कटलं. हे सगळं प्रयोगशाळेतलं. जनुक बदललेले पतंग उद्या शिवारात सोडणार, ही चर्चा चावडीवर कितीही रंगो, तसं काही नाही. केंद्रानं २०२२ मध्ये जनुक-संपादनाला जी सवलत दिली ती काही प्रकारच्या पिकांपुरती आहे, किड्यांना नाही.

तोवर हातात आहे तो सापळाच. पण त्यात फक्त नर सापडतात, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. हेक्टरी पाच सापळे लावून अळी संपत नाही. ते मोजणीसाठी असतात. सलग दोन-तीन दिवस सापळ्यात आठ-दहा पतंग आले की उपाय सुरू करायचा. सापळा लावून महिनाभर तिकडे न फिरकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही, मग ल्युअर कितीही भारी असो.

मोजणीही सीमेवर अडते. परभणी विद्यापीठाचा सल्ला मराठीत येतो, रायचूरचा कन्नडमध्ये. पतंग मात्र वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. उदगीर ते भालकी त्याला काहीच नाही. उदगीरकडच्या सापळ्यातला आकडा त्याच रात्री भालकीत मराठीतून कळला, तर फवारणी चार दिवस आधी ठरवता येईल. त्याला ना कात्री लागते, ना परवाना.