आवाजाची मर्यादा नकाशाला की माणसाच्या कानाला?

दरवर्षी 14 एप्रिल जवळ आला की आवाजाचे नियम सगळ्यांना आठवतात. पोलीस ठाण्यात बैठक होते, मंडळांना नोटिसा निघतात, किती डेसिबल आणि किती वाजेपर्यंत ते वाचून दाखवलं जातं. नियम आहेत तर ते पाळलेच पाहिजेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. उरलेले 364 दिवस, रात्री दोन वाजता पॉवर प्रेसचे घाव वस्तीच्या भिंतींवर आदळतात, तेव्हा हे नियम कुठे असतात?

गंगापूर तालुक्यातल्या वाळूज एमआयडीसीत बजाज ऑटोचा कारखाना 1985 साली सुरू झाला. त्याच्यामागून सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने आले आणि कारखान्यांना लागणारी माणसंही आली. जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाणा इथून आलेले भूमिहीन मजूर, आपल्याच वस्त्यांतली आयटीआय झालेली पोरं. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी या गावांत भाड्याच्या खोल्या करून ती राहतात. कारखान्यात आठ-दहा तास आवाज सोसायचा आणि खोलीवर आल्यावरही तोच ऐकत झोपायचं, असं हे आयुष्य आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 मध्ये चार प्रकारची क्षेत्रं आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत निवासी क्षेत्रात 45 डेसिबल, शांतता क्षेत्रात 40, व्यापारी क्षेत्रात 55 आणि औद्योगिक क्षेत्रात 70 अशी मर्यादा आहे. 45 आणि 70 मधला फरक 25 चा दिसतो, पण डेसिबलचं गणित बेरजेचं नसतं. दर 10 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. म्हणजे 70 डेसिबलच्या आवाजात 45 च्या तीनशेपटीहून जास्त ऊर्जा असते.

पुढची गोम नियम 7 मध्ये आहे. आवाज मर्यादेपेक्षा 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल तर तक्रार करता येते. निवासी भागातल्या माणसाला रात्री 55 डेसिबलला दाद मागता येते. तोच माणूस नकाशावर औद्योगिक क्षेत्रात राहत असेल, तर 80 होईपर्यंत त्याने थांबायचं. कान तोच, झोप तीच. कागदावरचा रंग तेवढा वेगळा.

मग कारखान्यांना लागून असलेली वस्ती कोणत्या रंगात मोजायची? नियमांच्या अनुसूचीतच लिहिलं आहे की संमिश्र क्षेत्र चारपैकी कोणत्या प्रकारात धरायचं, हे सक्षम प्राधिकरणाने जाहीर करावं. क्षेत्रांची वर्गवारी राज्य सरकारने करायची आहे. नियोजन प्राधिकरणांनी आणि स्थानिक संस्थांनी विकासाची आखणी करताना आवाजाचा विचार केला पाहिजे, हेही नियम 3 मध्ये आहे. म्हणजे हा निसर्गाचा कोप नाही. टेबलावर होणारा निर्णय आहे, आणि त्या टेबलाभोवती खोलीतला भाडेकरू कधीच बसलेला नसतो.

कोणी कुठे राहायचं आणि कोणी काय सोसायचं हे ठरवणारा नकाशा आपल्याला नवा नाही. गावकुसाबाहेरची वस्ती हेही नियोजनच होतं. गावाची घाण, मेलेली ढोरं, स्मशान हे सगळं कोणाच्या दाराशी असावं, हे तेव्हाही ठरलेलं होतं. ते धर्माच्या नावाने ठरलं, हे विकासाच्या नावाने ठरतं. म्हणून झोनिंग हा अभियंत्यांचा विषय आहे म्हणून सोडून देणं आपल्याला परवडणारं नाही.

यावर दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, कारखाने आधी आले, वस्ती नंतर आली. पण ही गावं कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहेत, आणि कामगार कारखान्याच्या गरजेपोटीच आला. माणूस हवा पण त्याची झोप नको, हा कुठला न्याय? दुसरं उत्तर, आवाजावर बोलाल तर कारखाने जातील आणि पोरं बेकार होतील. कारखाना बंद करा असं आम्ही म्हणतच नाही. प्रेसखाली कंपन शोषणारे पॅड, कंप्रेसर आणि जनरेटरला बंदिस्त खोली, वस्तीच्या बाजूला भिंत, ठोकाठोकीची कामं दिवसपाळीत, हे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना पैसे लागतात. ते पैसे आज मजुराच्या कानातून वसूल होतात.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा 48 तासांवर आला. तास कमी करण्याचा अर्थच हा की उरलेला वेळ माणसाचा स्वतःचा असावा. विश्रांतीचा, वाचनाचा, संघटनेचा. कारखान्याचा आवाज खोलीत शिरतो तेव्हा तो उरलेला वेळही कारखानाच घेतो. त्याच खोलीत एखादी मुलगी दहावीचा अभ्यास करत असते, हेही विसरू नये.

म्हणून कामाला लागू या. ग्रामसभेत ठराव घ्या की गावठाण आणि वस्त्या निवासी क्षेत्र म्हणून जाहीर व्हाव्यात. शाळा-दवाखान्यांभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र मागा. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय ते लागूच होत नाही. शेजारच्या कारखान्याच्या संमतीपत्रात आवाजाच्या कोणत्या अटी आहेत, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून माहिती अधिकारात मागवा. रात्रीच्या आवाजाची तारीख-वेळेसह वही ठेवा आणि अधिकृत मोजणीची लेखी मागणी करा. कंत्राटी कामगारांच्या कानांची तपासणी आणि तिचा कागद कामगाराच्या हातात, ही मागणी युनियनच्या यादीत वर आणा.

जयंतीला नियम आमच्यासमोर वाचला जातो. तोच नियम आता आपण कारखान्याच्या गेटवर वाचायला हवा.

जयभीम!