हजेरीपटावरील रिकामी जागा

माणगंगेच्या काठी वसलेल्या म्हसवडच्या परिसरात पाऊस बेभरवशाचा आणि पोटासाठी परगावी जाणे नित्याचे. आईबाप कामाच्या शोधात दूर असले, की मुलाच्या मनातील काहूर ओळखण्याचे काम ओघानेच शिक्षकाकडे येते. कोण चार दिवस आला नाही, कोण मागच्या बाकावर सरकला, कोणाचे बोलणे एकाएकी थांबले, हे हजेरी घेणाऱ्यास दिसते. म्हणून तरुणांच्या आत्महत्या रोखण्याचा विचार शिक्षकाला वगळून करता येणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते. कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. स्वतःस पुरोगामी म्हणविणाऱ्या राज्याने याची लाज बाळगावयास हवी. २०१५ साली लातूर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने एसटीच्या पासाला पैसे नाहीत या विवंचनेत जीवन संपविले. मोफत पासाची योजना आली ती त्यानंतर. दारिद्र्य मुलाला प्रथम मुके करते. ‘काय अडले आहे?’ असे एकान्तात, आपुलकीने विचारणारा शिक्षक ते मुकेपण मोडू शकतो. त्याने उपदेश करू नये, चारचौघांत गुण वाचून पाणउतारा करू नये. ऐकून घ्यावे, गरज दिसताच डॉक्टरांची किंवा १४४१६ या ‘टेलि-मानस’ सेवेची वाट दाखवावी आणि मुलाला एकटे सोडू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शंभर वा अधिक विद्यार्थ्यांच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत समुपदेशक नेमण्याचा आणि शिक्षकांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण देण्याचा आदेश दिला. आदेश स्वागतार्ह आहे. परंतु शिक्षकाला मुलाकडे पाहण्यास उसंत कोठे आहे? जनगणना आणि निवडणुकीची कामे त्याच्याच माथी आहेत. २००० सालापासून नव्या शिक्षकाला तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणून मानधनावर राबविण्याची रीत शासनाने पाडली. ज्याची स्वतःची भाकरी अस्थिर, त्याने दुसऱ्याच्या लेकराला धीर कोठून द्यावा?

शिक्षकाच्या मायेचे गोडवे गाऊन शासनास आपली जबाबदारी झटकता येणार नाही. रिक्त पदे भरा, पूर्ण वेतन द्या, अशैक्षणिक कामे काढून घ्या, समुपदेशक ग्रामीण शाळेपर्यंत पोहोचवा, ही मागणी शिक्षक संघटनांइतकीच पालकांनीही केली पाहिजे. हजेरीपटावर एखाद्या नावापुढची जागा रिकामी राहिली, तर त्याच संध्याकाळी त्या घराची कडी वाजविणारा शिक्षक गावाला हवा आहे. तेवढी सवड त्याला मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य आहे.