शेवटच्या बशीतली कोथिंबीर

रविवारची सकाळ. कढईत कांदेपोहे वाफवून तयार असतात आणि लेक धावत येते, ‘‘आई, गार्निशिंग मी करणार हं!’’ आपल्या लहानपणी हा शब्द कुणाला ठाऊक होता? ‘वरून जरा खोबरं-कोथिंबीर भुरभुरव गं,’ एवढंच आजी सांगायची. आता मात्र टीव्हीवरच्या पाककृतींपासून भिशीच्या पार्टीपर्यंत सगळीकडे ‘गार्निश’च चालतं. मग म्हटलं, या पाहुण्याची जरा चौकशी तर करू या!

चौकशी केली आणि गंमतच वाटली. हा शब्द मुळात स्वयंपाकघरातला नाहीच, तो किल्ल्यावरचा आहे. जुन्या फ्रेंच भाषेतल्या ‘गार्निर’ या क्रियापदाचा अर्थ सुसज्ज करणं, रसद-शस्त्रं पुरवणं, बचावाची तयारी करणं. त्याची मुळं जर्मानिक भाषांमध्ये आहेत. धोक्याची सूचना देणं या अर्थाचा इंग्रजी ‘वॉर्न’ त्याचाच भाऊबंद. अंगावरच्या कपड्यांना म्हणतात तो ‘गार्मेंट’ही याच घराण्यातला. पुढे इंग्लंडच्या तुरुंगांत नव्या कैद्याकडून जुने कैदी आणि पहारेकरी जे पैसे उकळत, त्यांनाही ‘गार्निश’ म्हणत! ताटातला पदार्थ सजवणं हा अर्थ रूढ झाला तो इ. स. १७०० च्या आसपास.

शस्त्रांपासून सजावटीपर्यंतचा हा प्रवास परका वाटतो का? मग आपली मराठीच पाहा ना. सैन्य ‘सज्ज’ होतं आणि नवरी ‘सजते’. दोन्हींचं मूळ एकच, संस्कृतातलं ‘सज्ज’, म्हणजे तयार, शस्त्रांसह सिद्ध. ‘अलंकार’ या शब्दातल्या ‘अलम्’चा अर्थही ‘पुरेसं, समर्थ’ असाच आहे. थोडक्यात काय, सजणं म्हणजे नुसतं नटणं नव्हे, तयार होणं. ही जाण दोन्हीकडच्या भाषांना होती.

आणि आपल्या आजीलाही होती. पोह्यांच्या बशीत ती लिंबाची फोड ठेवायची ती काही शोभेसाठी नाही. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वामुळे पोह्यांतलं लोह शरीरात अधिक चांगलं शोषलं जातं. म्हणजे ‘गार्निर’चा जुना अर्थ, संरक्षण करणं, ती फोड आजही पाळते. पण मैत्रिणींनो, ही फोड पोहोचते कुणाच्या बशीत? पाहुण्यांच्या, ‘ह्यां’च्या, मुलांच्या. सगळ्यांचं झाल्यावर आपण कढई खरवडून घेतो, तेव्हा खोबरं संपलेलं असतं, कोथिंबीर उरलेली नसते आणि लिंबू? ‘एकटीसाठी कशाला कापायचं!’ २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याची कारणं अनेक आहेत, एका लिंबाने ती मिटणार नाहीत हे खरं. पण ज्या घरात बाईची बशी शेवटची, तिथे तिची तब्येतही शेवटचीच असते, हेही तितकंच खरं.

या शब्दाचा आणखी एक अवतार आपल्याला माहीत हवा. तो कोर्टात भेटतो. देणेकऱ्याचे पैसे ज्या तिसऱ्याकडे आहेत, उदाहरणार्थ बँकेकडे, त्याला कायद्याच्या भाषेत ‘गार्निशी’ म्हणतात. कोर्ट त्याला बजावतं, ‘हे पैसे त्याला देऊ नकोस, इकडे भर.’ ‘वॉर्न’चा अर्थ इथे असा टिकून राहिला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम २० मध्ये हा शब्द नाही, पण तत्त्व हेच आहे. मॅजिस्ट्रेटने ठरवून दिलेली रक्कम नवरा देत नसेल, तर त्याच्या पगारातला काही भाग थेट पत्नीला द्या किंवा कोर्टात भरा, असा आदेश मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला देऊ शकतात. ‘ऑर्डर मिळाली, पण पैसे कुठे मिळतात?’ म्हणून हताश झालेली एखादी मैत्रीण, शेजारीण, कामवाली मावशी ओळखीत असेल तर तिला हे जरूर सांगा. वकिलाला किंवा संरक्षण अधिकाऱ्याला नेमकं काय विचारायचं, ते तरी तिला कळेल.

तेव्हा पुढच्या रविवारी लेकीला गार्निशिंग खुशाल करू द्या. फक्त खोबरं-कोथिंबिरीची एक मूठ आणि लिंबाची एक फोड आधीच बाजूला काढून ठेवायला सांगा. कुणासाठी म्हणून विचारलं, तर सांगा, ‘‘माझ्यासाठी!’’ आणि त्या दिवशी सगळ्यांबरोबरच बसा. पोहे गरम आहेत तोवरच.