गावाला जाताना पिशवीत काय?

परीक्षा संपल्या, निकाल लागला, की आपल्या वस्त्यांतून गावाला जाण्याची गडबड सुरू होते. कुणी देवगिरी एक्सप्रेसने मराठवाड्यात, कुणी सेवाग्रामने विदर्भात, तर कुणी एस.टी.ने सातारा-सांगलीकडे निघतो. निघताना घरची बाई एक पिशवी भरते. तिच्यात वेफर्सची पाकिटे, क्रीमची बिस्किटे, शेव आणि रंगीत पेयाची मोठी बाटली असते. मुंबईची माणसे आली म्हणजे भाच्या-पुतण्यांच्या हातावर काहीतरी ठेवले पाहिजे, ही त्यामागची माया. माया खरी आहे, पण ती चुकीच्या वस्तूंवर खर्च होते. भगिनींनो, या सुट्टीत त्या पिशवीचा जरा विचार करू या.

रंगीत पेयाची २५० मिलीलीटरची लहान बाटली घेतली तरी तिच्यात साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या खाण्यात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगले. मुलांना तर याहूनही कमी पुरते. म्हणजे एका बाटलीतच दिवसाचा कोटा संपला. वर वेफर्सचे मीठ आणि तेल. पोट भरल्यासारखे वाटते, मग आजीने थापलेली भाकरी ताटात तशीच राहते.

आता प्रवासाचे पाहू. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत सुरू झाली. वाचलेले ते पैसे थांब्यावरच्या तळलेल्या वड्यात घालवू नका. आदल्या रात्री दुधात पीठ मळून दशम्या कराव्यात, नाहीतर तिखटमिठाच्या पुऱ्या. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची कोरडी चटणी, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, केळी आणि काकडी. अंडी उकडून सालीसकट घ्यावीत आणि पहिल्या दोन तासांतच संपवावीत. भात, ओली भाजी, खोबऱ्याची चटणी डब्यात भरू नये. उन्हाळ्यात शिजवलेले ओले अन्न तास-दोन तासांत बिघडू लागते, वास मात्र नंतर येतो.

पाणी घरूनच उकळून, गार करून न्यावे. विकत घ्यायचेच झाले तर बाटलीचे सील आपल्या हाताने फोडावे. रस्त्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा यांपासून मुलांना सांभाळा. कारखान्यात मासे व माल गार ठेवण्यासाठी जो बर्फ बनतो, तो खाण्याचा नव्हे. म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा बर्फात निळा रंग घालण्याचे बंधन घातले. पण गाडीवर किसून सरबत ओतलेला बर्फ कुठून आला, हे कोण विचारतो?

गावी पोचल्यावर खरा प्रश्न उभा राहतो. पाहुणे आले म्हणून भाऊ कोंबडी कापतो, वहिनी दुकानातून उधारीवर तेल, साखर, मैदा आणते. चार दिवस पुऱ्या, भजी, शिरा चालतो. आपण परत निघतो आणि दुकानदाराची वही तिच्यासाठी मागे राहते. पाहुणचाराने आपले पोट बिघडते आणि त्यांचे घर. खरे तर त्यांच्या रोजच्या ताटात काय कमी आहे? ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पिठले, सुकट, ताक, आंबील, कैरीचे पन्हे, हाताने फोडलेला कांदा. यात कडधान्याची व सुकटीची प्रथिने आहेत आणि ज्वारीचा चोथा आहे. उन्हात जे पाणी व मीठ घामावाटे जाते ते ताकातून परत मिळते. शहरात आपण हेच विसरत चाललो आहोत. तेव्हा पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे, "वहिनी, रोजचेच करा, पोरांना तेच खायचे आहे." आणि पिशवीत वेफर्सऐवजी दोन किलो तूरडाळ, किलोभर शेंगदाणे, थोडा गूळ न्यावा. चुलीपाशी गुपचूप ठेवावा, चारचौघांत मिरवू नये. मुलांना खाऊ द्यायचा तर आठवडी बाजारातून टरबूज, केळी आणावीत. सगळ्यांनी वाटून खावीत.

आणखी एक गोष्ट. सुट्टी सगळ्यांना असते, चुलीपुढच्या बाईला नसते. वीस माणसांच्या भाकरी थापून ती शेवटी बसते आणि उरलेले, कधी आंबलेले, फेकवत नाही म्हणून खाते. पुरुषांनी पाणी भरावे, भांडी घासावीत, भाजी निवडावी. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे. अन्न मोजके शिजवले तर उरत नाही, बिघडतही नाही.

घरात मधुमेहाचा किंवा रक्तदाबाचा रुग्ण असेल तर त्याच्या गोळ्या मोजून, दोन-चार दिवसांच्या जास्तीच्या घ्याव्यात. "सुट्टीत काय होते" म्हणून गोळी चुकवू नये आणि जेवणाची वेळही टाळू नये. गाडीला उशीर झाला, घाम सुटून हातपाय थरथरू लागले, तर साखर किंवा गूळ लगेच तोंडात टाकता यावा म्हणून खिशात ठेवावा. इन्सुलिनची बाटली उन्हात किंवा गाडीच्या टपावर राहू देऊ नये. गावात फ्रीज नसेल तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी. लोणचे, पापड हे मीठच समजावे.

इतके करूनही मुलाला जुलाब लागलेच, तर खाणे बंद करू नका, अंगावरचे दूधही तोडू नका. मीठ-साखरेचे पाणी लगेच सुरू करा. उकळून गार केलेल्या एक लीटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना असेच मिश्रण पाजले. शंभरात सुमारे तीस मृत्यू होत होते, ते चारांच्या आत आले. दवाखान्यात ओ.आर.एस.ची पुडी मिळते, तीच पिशवीत दोन-चार टाकून ठेवावी. मूल मलूल पडले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचातून रक्त आले किंवा पाणीही पोटात राहीना, तर घरगुती उपायात वेळ न घालवता आरोग्य केंद्र गाठावे, १०८ ला फोन करावा.

तेव्हा यंदाच्या पिशवीत दशम्या, चटणी, शेंगदाणे, उकळलेले पाणी, रोजच्या गोळ्या आणि ओ.आर.एस.च्या पुड्या. भावाच्या घरासाठी डाळ आणि गूळ. पोरे तंदुरुस्त परतली, वहिनीच्या डोक्यावर उधारी राहिली नाही, तर सुट्टी सार्थकी लागली म्हणायची.