एकोणीस वर्षांचा अनुभव, पुरावा एका वर्षाचाही नाही

मी मूळचा मिरजेचा. 2023 पासून ऑस्ट्रेलियात शेपर्टन या गावी मोटार मेकॅनिक म्हणून काम करतो. मेलबर्नच्या उत्तरेला, दोनशे किलोमीटरच्या आत असलेला हा फळबागांचा भाग आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये बागायतदारांच्या हायलक्स आणि रेंजर गाड्या येतात. माझा व्हिसा कुशल कामगाराचा आहे, म्हणजे इथल्या मालकाने सरकारला लेखी कळवले की त्याला मेकॅनिक हवा आहे आणि तो मला ठरलेल्या पगारावर ठेवतो आहे. यालाच स्पॉन्सर करणे म्हणतात.

2025 मध्ये मालकाने मला विचारले, "तुझ्यासारखा आणखी कोणी आहे का तुझ्या गावाकडे?" मी म्हणालो, "माझ्यासारखा नाही, माझ्यापेक्षा चांगला आहे."

हे मी मैत्रीखातर बोललो नव्हतो. 2006 मध्ये आम्ही दोघे मिरजेत एसटी स्टँडजवळच्या एकाच गॅरेजमध्ये कामाला लागलो. तो तेरा वर्षांचा होता, आठवीतून शाळा सुटलेली. मी फक्त संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी जायचो, कारण अम्मी शाळा सोडू देत नव्हती. ती कपडे शिवून घर चालवायची. तिचे एकच म्हणणे होते: हात काळे कर, पण दाखला घेऊन कर. मी रडतरखडत दहावी झालो, मग आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला. त्या दोन वर्षांत मित्र माझ्या कितीतरी पुढे गेला. मी पुस्तकात इंजिनाची चित्रे काढत होतो, तेव्हा तो एकट्याने इंजिन उतरवून, खोलून, परत बांधत होता. आजही मी इथे अडलो की त्यालाच फोन करतो. गेल्या हिवाळ्यात एक डिझेल गाडी सुरू व्हायला फार वेळ घेत होती आणि स्कॅनरवर काहीच दिसत नव्हते. रात्री त्याला व्हिडिओ पाठवला. तो म्हणाला, "इंजेक्टरचं रिटर्न तपास." तिथेच दोष निघाला.

अशा माणसाला व्हिसा मिळाला नाही. अर्जापर्यंत गाडी गेलीच नाही.

या व्हिसासाठी गेल्या पाच वर्षांत निदान एक वर्ष पूर्णवेळ काम केल्याचा पुरावा लागतो. शिक्षणाचा दाखला नसेल तर या धंद्यात तीन वर्षांचा अनुभवही त्याची जागा घेऊ शकतो. इंग्रजीची परीक्षा असते. भारतातून येणाऱ्या मेकॅनिकचे कौशल्य ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही सरकारी संस्था तपासते. कुठे काम केले, कधीपासून कधीपर्यंत, नेमके कोणते काम, पगार किती आणि कसा मिळाला, हे सगळे कागदावर पाहिजे. मित्राकडे एकोणीस वर्षांचा अनुभव होता आणि त्यातल्या एका वर्षाचाही पुरावा नव्हता. पगार दर शनिवारी रोख मिळायचा. गॅरेजची कुठे नोंद नाही, बिलबुक नाही, हजेरी नाही.

उस्तादांनी मदत करायची म्हणून एका साध्या कागदावर लिहून दिले, "हा मुलगा लहानपणापासून माझ्याकडे आहे. इमानदार आहे. काम चांगले आहे." त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, पण त्या चिठ्ठीचा परदेशात काही उपयोग नव्हता. मी फोनवर म्हणालो, तारखा घाला, 2006 पासून लिहा. ते घाबरले. म्हणाले, "तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पोलिस केस होईल का रे?"

त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. उस्ताद वाईट माणूस नाहीत. ईदला आम्हा पोरांना कपडे घ्यायचे. मित्राच्या बहिणीच्या लग्नात त्यांनी न मागता पैसे दिले. पण याच भल्या माणसाकडे तेरा वर्षांचा पोर सकाळी नऊ ते रात्री नऊ राबत होता, आणि आपण सगळे म्हणत होतो, "काम शिकतोय." त्याच्या आईवडिलांनी, शेजाऱ्यांनी, जमातीतल्या जाणत्या माणसांनी, कोणीच "शाळेचे काय?" असे विचारले नाही. कायदा स्पष्ट आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावायला सूट आहे, पण धोक्याच्या धंद्यात तीही नाही.

मालक तीन महिने थांबला. मग ती जागा फिलिपिन्सच्या एका मेकॅनिकला मिळाली. तो चांगला माणूस आहे, कामही चांगले करतो. माझ्या मित्राइतके चांगले नाही.

यानंतर मित्राला मुंबईचा एक एजंट भेटला. नऊ लाखांत सगळे करून देतो म्हणाला: अनुभवाचे पत्र, बँकेचे स्टेटमेंट, स्पॉन्सरसुद्धा. मित्र आईचे दागिने आणि गावाकडची गुंठाभर जागा विकायला निघाला होता. त्याने मला विचारले आणि मी नको म्हणालो. ऑस्ट्रेलियात स्पॉन्सरशिपसाठी पैसे मागणे किंवा घेणे हा गुन्हा आहे. देणाऱ्यालाही दंड होऊ शकतो आणि त्याचा व्हिसा जाऊ शकतो. खोटे कागद पकडले गेले तर अर्ज फेटाळतात आणि साधारण तीन वर्षे दार बंद होते. भारतातही परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. नोंदलेल्यांची नावे ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहता येतात. त्यांची फी जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी. नऊ लाख कुठे आणि तीस हजार कुठे!

मी हे सगळे समजावून सांगितले. तो म्हणाला, "तेरा हो गया ना, अब मेरेकू कायदा सिकाता." चार महिने आमचे बोलणे बंद होते.

ते वाक्य मला अजून टोचते, कारण ते खोटे नाही. माझे झाले ते माझ्या हुशारीमुळे नाही. अम्मीच्या हट्टामुळे माझ्याकडे एक दाखला होता आणि त्याच्याकडे नव्हता.

आमच्या वर्कशॉपमध्ये शेजारच्या हॉइस्टवर सतरा वर्षांची एक मुलगी काम करते. ती अ‍ॅप्रेंटिस आहे. चार दिवस वर्कशॉपमध्ये, एक दिवस टेफमध्ये, म्हणजे इथल्या आयटीआयसारख्या संस्थेत. साधारण चार वर्षांचा करार असतो. ती जसे शिकते ते पाहून मला आमचे गॅरेजच आठवते. जुना मेकॅनिक शेजारी उभा, चुकली की ओरडतो, जमले की मान हलवतो. हीच ती उस्ताद आणि शागिर्दाची पद्धत. फरक इतकाच की तिने ब्रेक पॅड बदलले, क्लच बसवला, की त्याची नोंद होते आणि त्याखाली उस्तादाची सही होते. चार वर्षांनी तिच्या हातात तिचे कसब असेल आणि त्या कसबाचा दाखलाही असेल. माझ्या मित्राला कसब मिळाले, पण ते कोणीच लिहून ठेवले नाही.

आपल्या समाजात गॅरेजवाले किती आहेत ते वेगळे सांगायला नको. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही मोटार दुरुस्ती हा मुस्लिम कामगार जास्त असलेल्या धंद्यांपैकी एक म्हणून येतो. जिथे मुस्लिम कारागीर जास्त आहेत त्या धंद्यांवर आयटीआयने लक्ष द्यावे, प्रवेशाची अट आठवीपर्यंत खाली आणावी, मदरशात शिकलेल्या मुलांनाही घ्यावे, अशी शिफारस समितीने केली होती. मोटार मेकॅनिकच्या कोर्सला आजही दहावी लागते. सरकारला याचा जाब विचारलाच पाहिजे. पण बिलबुक ठेवण्यासाठी सरकारच्या शिफारशीची वाट पाहायची गरज नाही.

काही मित्र म्हणतात, "कागद असून काय होतं? नाव वाचलं की अर्ज बाजूला पडतो." मी हे नाकारत नाही. मिरजेत भाड्याने खोली शोधताना मीही ते अनुभवले आहे. पण म्हणूनच कागद जास्त लागतो. ज्याच्या बाजूने ओळखीपाळखी बोलतात त्याचे कागदाशिवाय भागते. आपल्या बाजूने बोलायला बहुतेक वेळा दुसरे कोणी नसते.

आणि हे फक्त परदेशासाठी नाही. बँकेचे कर्ज, एसटीच्या वर्कशॉपमधली भरती, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोकरी, सगळीकडे हाच प्रश्न येतो. इलेक्ट्रिक गाड्या वाढतील तेव्हा नुसत्या कानाने इंजिन ओळखणाऱ्याला नवे शिक्षण घ्यावे लागेल, आणि त्या वर्गाच्या दारातही दाखलाच मागतील.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. गॅरेजवाल्या चाचांनी आपल्या धंद्याची नोंद करावी, मुलांचा पगार बँकेत द्यावा, आणि कोणी काय काम केले याची वही ठेवावी. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवू नये. त्याला शाळेत परत पाठवावे. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी करावी. दहावी झाल्याने पासपोर्टवरही फरक पडतो: आखातातल्या अनेक देशांत नोकरीला जाताना दहावी न झालेल्यांना सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. अनुभवी कामगाराला आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेला खासगी उमेदवार म्हणून बसण्याची सोय आहे. अटी जवळच्या आयटीआयत विचाराव्यात. आपल्या संघटना रक्तदान शिबिरे घेतात, तशी एक रविवार गॅरेजवाल्यांच्या कागदपत्रांसाठी द्यावी. फॉर्म भरून देणारे दोन पदवीधर पुरेत.

जे परदेशात पोचले आहेत त्यांनाही हेच सांगेन. माझ्या पहिल्या वर्षात शनिवारचे जादा तास पगारात धरले जात नव्हते. व्हिसा मालकाच्या हातात आहे या भीतीने मी गप्प होतो. पण तास रोज वहीत लिहीत होतो. नंतर कळले की व्हिसा कोणताही असो, कामगाराचे हक्क इथे सारखेच असतात, फेअर वर्क ओम्बड्समन ही सरकारी संस्था मोफत सल्ला देते, आणि नोकरी सुटली तरी नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी 180 दिवस मिळतात. मी वही पुढे ठेवली. दोन आठवड्यांत पैसे जमा झाले.

मित्राने आता दहावीचा फॉर्म भरला आहे. बत्तीस वर्षांचा आहे, बायको हसते म्हणाला. उस्तादांनी गॅरेजची नोंद केली आणि बिलबुक छापून घेतले. पहिल्या पानाचा फोटो मला आला. क्लच प्लेट बदलली, मजुरी इतकी, काम कोणी केले, आणि खाली मित्राचे नाव.

हे पान एकोणीस वर्षे उशिरा लिहिले गेले. तुमच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये आज जो पोरगा पाना हातात घेऊन उभा आहे, त्याचे नाव कुठे लिहिले जाते का, एवढे जाऊन विचारा.