अवशेषांचा आकडा आणि नमुन्याची वाट

कीटकनाशक अवशेषांचा अहवाल हाती येताच नजर शेवटच्या आकड्यावर खिळते. आकडा मर्यादेपलीकडे गेला की फवारणी चुकली, असा निवाडा लगेच होतो. परंतु नमुना गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये कोणत्या वाटेने शिरला, यावरही तो आकडा अवलंबून असतो. विस्तार कार्यकर्त्यांनी ही वाट समजून घेणे आवश्यक आहे.

द्राक्षाच्या 10 ग्रॅम लगद्यापासून 10 मिलिलिटर अर्क काढला आणि त्यातील 1 मायक्रोलिटर यंत्रात सोडला, तर प्रत्यक्ष तपासणी होते ती जेमतेम 1 मिलिग्रॅम फळाची. सुमारे 250 अंश सेल्सिअस तापमानाच्या इंजेक्टरमध्ये या थेंबाची क्षणात वाफ होते. डायकोफॉल, कॅप्टन यांसारखी रसायने तेथेच अंशतः विघटित होतात आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. याउलट, फळातील इतर घटक इंजेक्टरच्या काचनळीतील क्रियाशील जागा व्यापतात. अशा वेळी शुद्ध द्रावकातील प्रमाण द्रावणाशी तुलना केल्यास काही कीटकनाशकांचा आकडा फुगतो. इंजेक्टर प्रथम थंड ठेवून क्रमाने तापवणे आणि न फवारलेल्या त्याच पिकाच्या अर्कात प्रमाण द्रावण तयार करणे, हे त्यावरील मान्य उपाय आहेत.

मॅन्कोझेबची वाट निराळी. ते आम्लात तापवून त्यापासून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात. बंद बाटलीत द्रवावर साठलेला वायूच यंत्रात सोडला जातो. मात्र कोबी व फुलकोबीतील नैसर्गिक गंधकयुक्त घटकांपासूनही हाच वायू निघतो. त्यामुळे भिलाई-दुर्ग परिसरातील एखाद्या कोबी उत्पादकावर मॅन्कोझेब न फवारताही ठपका येऊ शकतो.

निर्यातक्षम द्राक्षांसाठी अपेडाची ग्रेपनेट व्यवस्था आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा यांमुळे तपासणीला शिस्त लाभली. स्थानिक बाजारातील भाजीपाल्यालाही हाच न्याय मिळायला हवा. नमुना यंत्रात कसा सोडला आणि तुलना कशाशी केली, या दोन नोंदी प्रत्येक अहवालात असाव्यात. शेतकऱ्यानेही फवारणीची नोंदवही ठेवावी आणि शक्य तेथे न फवारलेला नमुना सोबत द्यावा. काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ मोडण्यास हा युक्तिवाद ढाल ठरू नये. पण दोष ठरवण्यापूर्वी आकड्याची वाट तपासणे, हा उत्पादकाचा हक्कच आहे.